भांगातला खडू

शाळा उघडून आठवडा झाला होता. फळ्यावर जोडाक्षरं लिहून झाल्यावर मी पहिल्या बाकावरच्या मुलीची वही बघायला वाकले. ती वहीकडे न बघता माझ्या डोक्याकडेच टक लावून बघत होती. "टीचर, तुमच्या भांगात खडू लागलाय," ती म्हणाली, आणि चांगल्या मनाने हात पुढे करून झटकायलाही लागली. खडू काही निघेना. निघणार कसा? तो खडू नव्हताच मुळी!

घरी येऊन आरशासमोर उभी राहिले. भांगाच्या दोन्ही बाजूंना, बोटभर रुंदीत, पांढरे केस चांगलेच डोकावत होते. कानशिलांवर तर घरच करून बसले होते. माझं वय अडतीस. ह्यांना विचारलं तर मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाले, "चांगली दिसतेस की." सासूबाईंनी मात्र नीट बघून निकाल दिला. "माझा पन्नाशीपर्यंत एक केस पांढरा नव्हता. तुम्हां मुलींना तेल नको ना डोक्याला!"

तेलाचा आणि पांढऱ्या केसांचा तसा संबंध नाही, हे मला आमच्या डॉक्टरांनी सांगितलं. केसाच्या मुळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. त्या थकल्या की केस पांढराच उगवतो. त्या केव्हा थकणार हे बहुतेक आईवडिलांकडून आलेलं असतं. पण फार लवकर, फार भराभर पिकायला लागले, तर बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्यावं, असं ते म्हणाले. मी घेतलं. दोन्ही ठीक निघालं. "वडिलांचे कधी पिकले?" त्यांनी विचारलं. मला आठवतात तेव्हापासून बाबांचे केस पांढरेच आहेत! (आणि एक केस उपटला की चार येतात, हेही खरं नाही बरं का. फक्त उपटून उपटून ते मूळ दुखावतं, तेवढंच.)

म्हणजे रंगवायचे किंवा तसेच ठेवायचे, एवढंच आता माझ्या हातात होतं.

आमच्याच मजल्यावर एक काकू राहतात. दोन वर्षांपूर्वी काका गेले. काकूंचे केस अजून कमरेच्या वरपर्यंत आहेत, पण खांद्यापर्यंत पांढरेशुभ्र आणि तिथून खाली काळेभोर. मध्ये पट्टी मारून रेघ ओढल्यासारखी. काका गेल्या महिन्यापासून त्यांनी डाय लावला नाही, ती रेघ म्हणजे तो महिना. दिवाळीनंतर मुलीचं लग्न ठरलं होतं. मी पार्लरला विचारायला चाललेय म्हटल्यावर काकू दारात क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "मी पण येऊ का गं? नुसतं बघायला."

वसई स्टेशनच्या पश्चिमेला आता पावलापावलाला पार्लर आहेत. आम्ही गेलो ते फार झगमगीत नव्हतं, पण स्वच्छ होतं, आणि तिथली मुलगी शांतपणे बोलणारी होती. मात्र तिने सुरुवातीला जे धडाधड म्हणून दाखवलं, ते ऐकून मला उडप्याच्या हॉटेलातला वेटर आठवला. "टच-अप करायचं, ग्लोबल करायचं, हायलाइट्स, बलायाज, की नुसता ग्लॉस? अमोनियावाला की बिनअमोनियाचा?" काकू माझ्याकडे बघायला लागल्या, मी भिंतीवरच्या दरपत्रकाकडे. टच-अप बाराशे, ग्लोबल चार हजारांपासून पुढे, बलायाज साडेसात हजार. साडेसात हजारांत आमच्या घरात दोन महिन्यांचा किराणा येतो. पण म्हटलं, आलोच आहोत तर समजून तरी घेऊ. त्या मुलीने आम्हांला बसवून सगळं सांगितलं, आणि उरलेलं मी नंतर वाचून काढलं. ते तुम्हांलाही उपयोगी पडेल.

आधी रंग केसात बसतो कसा ते बघा, म्हणजे पुढचं सोपं होतं. केसावर माशाच्या अंगावर असतात तशी बारीक खवल्यांची साल असते. अमोनिया ही खवलं उचकटतो. पक्क्या रंगाचे कण आत शिरतात तेव्हा अगदी लहान असतात, आणि त्यांना रंगही नसतो. सोबत जे हायड्रोजन पेरॉक्साइड मिसळतात (पार्लरमध्ये त्याला डेव्हलपर म्हणतात), त्याने हे कण केसाच्या आत एकमेकांना जोडले जातात, मोठे होतात, रंग धरतात, आणि मग दारातून बाहेर पडता येत नाही. विरार लोकलचीच गत! दादरला एकेकटी आत घुसलेली बाई चार मैत्रिणींच्या घोळक्यात अडकली, की बोरिवलीला उतरायचं नावच नको. म्हणून पक्का रंग धुतल्याने जात नाही. तो फिका पडतो, पण गेला असं होत नाही. मुळाशी नवा पांढरा केस उगवतो तेवढाच दिसतो.

कच्च्या रंगात पेरॉक्साइड नसतं. ते कण दारातच लोंबकळतात आणि सात-आठ वेळा न्हाल्यावर उतरतात. दोन्हींच्या मधलाही एक प्रकार आहे. त्यात पेरॉक्साइड सौम्य असतं, आणि तो वीस-बावीस न्हाण्यांत हळूहळू जातो. पांढरे केस थोडेच असतील तर हा मधला प्रकार शहाणपणाचा, कारण उतरताना रेघ पडत नाही. अर्ध्याहून अधिक डोकं पांढरं असेल, तर त्याने नुसतं धुरकट झाल्यासारखं दिसतं. पांढरा केस जाडाभरडा आणि हट्टी असतो. त्याला पक्का रंगच लागतो, साधारण सहा टक्क्यांच्या पेरॉक्साइडबरोबर. डब्यावर ते '२० व्हॉल्यूम' असं लिहिलेलं असतं.

बिनअमोनियाचं म्हणाल तर त्याला वास कमी, डोळ्यांना झोंबत नाही, हे खरं. पण अमोनियाच्या जागी दुसरं अल्कली घातलेलं असतं, पेरॉक्साइड असतंच, आणि रंगाचे कणही बहुधा तेच. तेव्हा 'अमोनिया नाही म्हणजे केमिकल नाही' अशी समजूत करून घेऊन जास्तीचे सहाशे रुपये देऊ नका. वासाचा त्रास होत असेल तर जरूर द्या.

आता प्रकार. टच-अप म्हणजे फक्त उगवलेल्या मुळांना रंग लावणं. केस महिन्याला एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतात, त्यामुळे चार ते सहा आठवड्यांनी हे आलंच. तिथे एक लक्ष ठेवा. दर वेळी तोच रंग टोकापर्यंत ओढून घेऊ देऊ नका. टोकं आधीच रंगलेली असतात. थरावर थर चढून ती काळी ठिक्कर आणि झाडूच्या काड्यांसारखी कोरडी होतात. घरी लावणाऱ्या आपण सगळ्या हीच चूक करतो, पुडीत उरलंय ते वाया कशाला घालवा म्हणून!

ग्लोबल म्हणजे मुळापासून टोकापर्यंत सगळ्या केसांना एकच रंग. पहिल्यांदा रंगवताना किंवा छटा बदलताना हे करतात. लांब केसांना दोन-तीन ट्यूब सहज लागतात, म्हणून दर लांबीवर असतो. दर विचारताना वेणी सोडून दाखवा, अंबाडा घालून विचारू नका. नाहीतर बिल देताना तोंड बघण्यासारखं होतं.

हायलाइट्समध्ये मधल्या मधल्या बारीक बटा वेगळ्या काढून त्यांना ब्लीच लावतात, चांदीच्या कागदात गुंडाळतात आणि मग त्यांवर हवी ती छटा देतात. मला वाटायचं, हे कॉलेजातल्या मुलींचं. पण त्या मुलीने मोठी मार्मिक गोष्ट सांगितली. पांढरे केस विखुरलेले असतील, तर अगदी बारीक हायलाइट्समध्ये ते हरवून जातात, कारण फिक्या बटांच्या गर्दीत पांढरा केस उठून दिसत नाही. मुळं वाढली तरी रेघ पडत नाही, आणि तीन-चार महिने पार्लरची पायरी चढावी लागत नाही. एका वेळचा खर्च जास्त, पण वर्षाचा हिशेब मांडला तर टच-अपच्या आसपासच येतो. मात्र ब्लीचने केस राठ होतात. आपले काळे केस ब्लीच केले की आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळे होतात. हव्या त्या टप्प्यावर थांबवायला हात सरावलेला हवा. आदल्याच महिन्यात केस सरळ करून घेतले असतील, तर निदान तेव्हा तरी या वाटेला जाऊ नये.

आणि बलायाज. हा फ्रेंच शब्द आहे आणि त्याचा अर्थ आहे झाडू मारणे! हे मी घरी सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "त्याला साडेसात हजार कशाला? इथे रोज दोनदा होतो." कागदात न गुंडाळता, ब्रशने वरून हलके फटकारे मारत बटा उजळवतात, म्हणून ते नाव. मुळाशी केस मूळच्याच रंगाचे ठेवतात आणि खाली येता येता ते उजळत जातात. दिसायला फार सुंदर. पण मैत्रिणींनो, जरा विचार करा, आपले पांढरे केस कुठे असतात? भांगात आणि कानशिलांवर. म्हणजे नेमके मुळाशी, जिथे बलायाज हातच लावत नाही! तेव्हा पांढरे झाकायचे असतील तर बलायाजच्या आधी टच-अपही आलंच. हे मी विचारल्यावर त्या मुलीने प्रामाणिकपणे कबूल केलं. सगळीकडे कबूल करतील असं नाही.

शेड कार्डाचीही एक गंमत आहे. त्यावरचे गोंडे पांढऱ्या धाग्यावर रंगवलेले असतात. बर्गंडीचा गोंडा पाहून भुलून जाल, पण तो रंग तुमच्या पांढऱ्या केसांवर जांभळट चमकेल आणि काळ्यांवर दिसणारही नाही. निम्मे पांढरे असतील तर अशा छटेत साधी तपकिरी छटा मिसळूनच लावायची असते. आकड्यांचा हिशेब साधा आहे. १ म्हणजे काळा, ३ गडद तपकिरी, ४ मध्यम, ५ फिका तपकिरी. चाळिशीच्या सुमारास चेहऱ्याची कांतीही जराशी उतरते. तिच्यावर १ नंबरचा काळा म्हणजे टोप घातल्यासारखा दिसतो, आणि आठ दिवसांत मुळं पांढरी चमकायला लागतात. ३ किंवा ४ घेतला तर दोन्ही दोष कमी. सगळेच झाकले पाहिजेत असंही नाही म्हणा. इंदिरा गांधींची ती पांढरी बट कुणाला आठवत नाही?

इतकं सगळं ऐकून मी म्हटलं, "चला, टच-अप करून टाका, ४ नंबर." मुलगी म्हणाली, "आज नाही मॅडम. आज पॅच टेस्ट. रंग परवा." मला रागच आला. शाळेची सुट्टी बघून, मुलाला शेजारी ठेवून आलेली मी! पण ती हटली नाही. दोघींच्याही कानामागे तिने रंगाचा ठिपका लावला आणि म्हणाली, "अठ्ठेचाळीस तास बघा. आंटी, तुम्ही पण."

"मला कशाला? पंधरा वर्षं लावलाय मी डाय," काकू म्हणाल्या. तरी ठिपका लावून घेतला.

दुसऱ्या दिवशी रात्री काकूंनी माझी बेल वाजवली. कानामागे रुपयाएवढं लालभडक झालं होतं, वर बारीक फोड, आणि खाज इतकी की मान सरळ राहीना. त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, "आधी कधी खाज यायची का?" तेव्हा काकूंना आठवलं. शेवटची दोन-तीन वर्षं डाय लावल्यावर मानेमागे खाज सुटायची. काका म्हणायचे उष्णता आहे, ताक पी. डॉक्टर म्हणाले, पक्क्या काळ्या-तपकिरी रंगांत पीपीडी नावाचा पदार्थ असतो, पॅरा-फेनिलीन-डायअमाइन. त्याची ॲलर्जी पहिल्याच दिवशी येते असं नाही. वर्षानुवर्षं लावल्यानंतरही शरीर एक दिवस उलटतं, आणि एकदा उलटलं की जन्मभर तसंच राहतं. पुढच्या वेळी चेहरा सुजून डोळे मिटले असते. तेही कदाचित लग्नाच्या दोन दिवस आधी!

हा पदार्थ काही आजकालचा नाही. पॅरिसमध्ये युजीन श्युलर या तरुण रसायनतज्ज्ञाने १९०७ साली केसांचा कृत्रिम रंग तयार केला आणि १९०९ मध्ये कंपनी काढली. तीच पुढे लॉरिआल म्हणून जगभर पसरली. तेव्हापासून पक्के रंग याच कुळातल्या रसायनांवर चालत आले आहेत. बहुतेकांना ते मानवतात. ज्यांना नाही मानवत, त्यांच्यासाठीच तो ठिपका. आपल्या देशात केसांच्या रंगाच्या वेष्टनावर इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत इशारा छापणं नियमाने सक्तीचं आहे: आधी त्वचेवर चाचणी घ्या, आणि भुवया व पापण्यांना लावू नका, दृष्टी जाऊ शकते. घरची पुडी फोडण्याआधी तो एकदा डोळ्यांखालून घाला. आपण पुडी फोडतो आणि वेष्टन केराच्या डब्यात टाकतो. पावडरीचा असो की बाटलीतला, उरलेला डाय मुलांच्या हाती लागेल असा तर ठेवूच नका. पोटात गेला तर घसा सुजून श्वास कोंडतो, मूत्रपिंडं निकामी होतात. तेव्हा मीठ-पाणी पाजत बसू नये, तडक इस्पितळ गाठावं.

"मग काळी मेंदी लावते," काकू म्हणाल्या. डॉक्टरांनी हातच जोडले. मेंदीचा रंग कधी काळा नसतो! मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं द्रव्य असतं. ते केसावर चढतं आणि पांढऱ्या केसाला नारिंगी-लाल करतं. काळं करणारी म्हणून जी 'मेंदी' विकली जाते, तिच्यात बहुधा तोच पीपीडी असतो. माझ्या नणंदेला हे अनुभवाने कळलं. एका पार्लरमध्ये "आपली नैसर्गिक काळी मेंदी आहे" म्हणून लावली आणि दुसऱ्या दिवशी कपाळ भाकरीसारखं फुगलं. हातावर अर्ध्या तासात काळाशार रंग देणारे जे कोन मिळतात, त्यांचीही तीच कथा. लहान मुलींच्या हातांवर ते मुळीच काढू नयेत. आज हौसेने काढलेल्या त्या नक्षीने पुढे आयुष्यभराची ॲलर्जी पदरात पडते.

तर काकूंसाठी उरले तीन मार्ग. केस होते तसे पांढरे वाढू देणं, हा पहिला. २०२० च्या लॉकडाउनमध्ये पार्लरं बंद पडली तेव्हा कितीतरी जणींनी हा निवडला आणि मग तोच ठेवला. दुसरा, केस खांद्यापर्यंत कापून ती काळी टोकं काढून टाकणं. तिसरा, खरी मेंदी आणि तिच्यावर नीळ. कपड्यांची नीळ नव्हे हं, निळीच्या झाडाच्या पानांची पूड!

पण त्याआधी एक प्रसंग घडला, तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

डॉक्टरांकडून आलो त्याच संध्याकाळी काकूंच्या मोठ्या वन्सं केळवणाचं ठरवायला आल्या होत्या. मी रिपोर्ट द्यायला गेले तर विषय निघालाच. वन्सं म्हणाल्या, "आता कशाला गं रंग? कुणाला दाखवायचाय?" मोठ्याने नाही, रागाने नाही, चहात साखर किती म्हणून विचारावं तशा सहज म्हणाल्या. काकू काही बोलल्या नाहीत. कप उचलून आत गेल्या.

मला वर्गात शिकवलेला इतिहास आठवला. १८९० साली मुंबईत नाभिक मंडळींनी सभा घेतली आणि विधवांच्या डोक्यावरून वस्तरा फिरवायला नकार दिला. नारायण मेघाजी लोखंडे यांचा त्यात पुढाकार होता. ज्यांचं पोट त्या वस्तऱ्यावर, त्यांनी तो खाली ठेवला. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली त्याला. वस्तरा गेला, पण बाईच्या डोक्यावर काय असावं हे ठरवणारी चार माणसं अजून चहाला येतात! मी हे तिथे बोलले नाही. शेजारच्या घरात, पाहुण्यांसमोर, बोलायचं धाडस माझ्यात नव्हतं, ते कशाला लपवू?

रात्री काकू आमच्याकडे आल्या, ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि सांगायला लागल्या. डाय त्यांना काका लावून देत. दर महिन्याच्या एका रविवारी, बाल्कनीत स्टूल टाकून, जुन्या टूथब्रशने. पुढचं काकू स्वतः लावत, पण मानेमागचं आणि डोक्याच्या पाठचं दिसत नाही ना, ते काका. हात थरथरायचा, कानाला काळं लागायचं, मग खोबरेल तेलाने पुसत बसायचे. "मी सोडलं ते कुणी सोड म्हटलं म्हणून नाही गं," काकू म्हणाल्या. "मागचं लावणार कोण?"

आता मुलीच्या लग्नात त्यांना नीटनेटकं दिसायचं होतं. बस, एवढंच.

त्यांनी दुसरा आणि तिसरा मार्ग एकत्र केला. त्याच पार्लरमध्ये केस खांद्याच्या किंचित खाली ठेवून कापून घेतले. थोडी काळी टोकं राहिली, पण ती तपकिरीत खपतात. मेंदी मात्र घरीच, कारण घटक खात्रीचे हवेत. आम्ही राजस्थानातल्या सोजतची मेंदी आणली. पाली जिल्ह्यातलं हे गाव मेंदीसाठीच प्रसिद्ध आहे आणि तिथल्या मेंदीला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पाकिटावर घटक म्हणून फक्त मेंदीची पानं आणि दुसऱ्यावर फक्त निळीची पानं लिहिलेली आहेत हे बघून घेतलं. काकूंच्या बाबतीत तर दोन्हींचा ठिपका कोपराच्या आत लावून पुन्हा दोन दिवस थांबलो. काही झालं नाही.

कृती सांगते. मेंदी चहाच्या कोमट पाण्यात सरबरीत कालवून चार तास झाकून ठेवायची. केस आदल्या दिवशी धुतलेले, तेल अजिबात नाही. लावून अडीच-तीन तास ठेवायची आणि नुसत्या पाण्याने धुवायची. या टप्प्यावर आरशात बघू नका, पांढरे केस गाजराच्या रंगाचे झालेले असतात! काकूंनी बघितलं आणि मट्कन खाली बसल्या. मग निळीची पूड कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून कालवायची. ही मात्र भिजत ठेवायची नाही, पंधरा मिनिटांत लावायला घ्यायची, नाहीतर जोर जातो. तास-सव्वा तासाने धुवायची. लगेच जरा हिरवट वाटेल, घाबरू नका. दोन दिवसांत रंग हवेने गडद होतो आणि छान तपकिरी येतो. तीन दिवस शांपू लावायचा नाही. एवढं लक्षात ठेवा, की या वाटेने गेलात की पुन्हा ब्लीचची वाट बंद. मेंदीवर ब्लीच केलं तर नारिंगी फुटतं आणि निळीवर केलं तर हिरवं. आणि स्वस्तातल्या भेसळीच्या मेंदीत धातूंचे क्षार असतील, तर त्यावर पेरॉक्साइड पडताच केस गरम होऊन तुटतात. पार्लरमध्ये गेल्यावर पूर्वी काय काय लावलंय ते लाज न बाळगता सगळं सांगायचं ते याचसाठी.

माझा ठिपका स्वच्छ निघाला होता. मी ४ नंबरचं टच-अप केलं आणि पुढच्या वेळी बारीक हायलाइट्स करायचे म्हणून पैसे साठवते आहे. ह्यांना अजून फरक कळलेला नाही. आमच्या भागात टँकरचं आणि बोअरचं जड पाणी, त्याने रंग लवकर मंद होतो, म्हणून शेवटचे दोन तांबे मी पिण्याच्या पाण्याचे घेते. रोज न्हाणं सोडलं, आठवड्यातून दोनदाच.

पार्लरमधल्या त्या मुलीचं एक मात्र मनात राहिलं. रंग लावताना तिने हातमोजे घातले नव्हते, बोटं कोपऱ्यांत काळवंडलेली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने केशकर्तनाच्या व्यवसायात रोज या रसायनांशी येणारा संबंध 'बहुधा कर्करोगकारक' या गटात ठेवला आहे. आपण महिन्यातून एकदा लावतो त्याबद्दल मात्र पुराव्यावरून असा निष्कर्ष काढता येत नाही, असं तीच संस्था म्हणते. म्हणजे धोका खुर्चीत बसणारीला कमी, मागे उभी राहणारीला जास्त. मी तिला म्हटलं, "आम्हांला ठिपका लावतेस, आणि तुझे हात?" ती हसली आणि ड्रॉवरमधून मोजे काढून घातले. पुढच्या वेळी गेले तेव्हा आधीपासूनच घातलेले होते. मला बघून घातले की काय, देव जाणे.

लग्न मार्गशीर्षात झालं. काकू मोरपिशी पैठणी नेसल्या होत्या, मानेवर छोटा अंबाडा आणि त्यावर वसईच्याच मळ्यातल्या मोगऱ्याचा गजरा. वन्संनी फोटोत त्यांच्या शेजारी उभं राहून घेतलं. केसांबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. निघताना मला बाजूला घेऊन एवढंच विचारलं, "ती नीळ कुठे मिळते गं?"

आता दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, दुपारची जेवणं आटोपली की काकू स्टूल आणि वाटी घेऊन आमच्या बाल्कनीत येतात. पुढचं त्या स्वतः लावतात. मानेमागचं मी लावते. जुना टूथब्रश त्यांनीच आणलाय, काकांचा. पहिल्या खेपेला माझा हात थरथरला आणि कानाला लागलंच. खोबरेल तेल लावलं तरी मेंदी ती, दोन दिवस कान नारिंगी होता.